गोधडीखालचा दादा

माणसाचं तोंड ही अत्यंत घाण जागा आहे. हे मी दातांची डॉक्टर म्हणून सांगत नाही, आवाज रेकॉर्ड करणारी बाई म्हणून सांगते. समोरचा बोलतो तेव्हा तुम्हाला फक्त शब्द ऐकू येतात, कारण बाकीचा ऐवज रस्ता, पंखा आणि शेजारी मिळून झाकून टाकतात. पण बाहेरचा गोंगाट मारून टाकणारे चांगले हेडफोन कानांवर चढवा, त्यांची वायर माइकला जोडा आणि तो माइक त्या माणसाच्या ओठांपासून चार बोटांवर धरा. मग बघा मजा. जीभ टाळूपासून सुटते ती चिकटपट्टी उचकटल्यासारखी. दोन वाक्यांच्या मधे लाळ गोळा होते आणि उतरताना मोरीच्या जाळीतून पाणी जावं तशी शेवटी 'गुळूप' करते. कवळी असली तर ती स्वतंत्र संवाद म्हणते. खालून पोट निरोप पाठवतं. मी भल्याभल्या गोड गळ्यांची तोंडं अशी आतून ऐकली आहेत, आणि त्यानंतर त्यांच्यासोबत एका टेबलावर जेवायची माझी इच्छा उरलेली नाही.

मुलुंडच्या घरात बसून मी ऐकायच्या पुस्तकांसाठी वाचन करते, इतरांचंही रेकॉर्ड करून देते. म्हणजे किळस हा माझा व्यवसायच म्हणा. तरीही सांगते, सगळ्यात वाईट तोंड नात्यातलं. परक्याच्या लाळेला निदान ओळखदेख नसते.

माझ्या दादाच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल, पुढच्या आठवड्यात. जीव वाचेल, आवाज जाईल. मग हॉस्पिटलातली वाचा-उपचार करणारी मुलगी आली. ती म्हणाली, घाबरू नका काका, फोनवर एक ॲप आहे, त्यात आत्ताच काही शे वाक्यं वाचून ठेवा. नंतर तुम्ही टाइप कराल ते फोन तुमच्याच आवाजात बोलेल. अट एवढीच की रेकॉर्डिंग शांत जागी हवं आणि आवाज फाटलेला नको. वाक्य चांगलं आलं तर हिरवी खूण, नाही आलं तर लाल. शिवाय घशावर ताण द्यायचा नाही. रोज थोडंच बोलायचं, आवाज बसला की त्या दिवसापुरतं बंद.

शांत जागी. दादाचं घर घाटकोपरला, दुसऱ्या मजल्यावर.

आणि दादा कोण? नोकरीने बँकेतला कारकून, पण हाडाचा कबड्डीचा निवेदक. घाटकोपर ते बोरिवली, जिथे मैदानात चुन्याची रेघ पडली तिथे हा खुर्ची टाकून हजर. हातात माइक असायचा, पण तो लग्नात नवरदेवाच्या हातात कट्यार असते तसा, शोभेला. 'चढाई! बोनस! आणि पकडला, पकडला, पकडला!' हे त्याने माइक बंद पडल्यावर म्हटलं तरी शेवटच्या रांगेतलं पोर दचकून रडायचं. घरीही तेच. वहिनीकडे चहा मागायचा तर समोरच्या इमारतीतल्या दोन बायका स्वतःच्या घरात आधण ठेवायच्या.

अंधेरीला माझ्या ओळखीचा एक स्टुडिओ आहे. तिथे त्याला आधी नेलं. आतल्या एसीने तो असा खोकायला लागला की वाक्यापेक्षा खोकला जास्त भरला. बाहेर येऊन म्हणाला, "बारके, मला काचेच्या पेटीत बसवू नकोस. अजून मेलो नाहीये. घरी करू."

"घरी तो ब्रेकर आहे रे."

"मग मी ब्रेकरपेक्षा मोठ्याने बोलेन. त्यात काय!"

त्यातच सगळं होतं.

शेजारची इमारत पुनर्विकासाला गेलेली. सकाळी ब्रेकर लावून तिचं काँक्रीट फोडायला सुरुवात झाली की दादाच्या घरातली भांडी मांडणीवर आपोआप नाचायची. पण तो राक्षस निदान प्रामाणिक. किळस आणली ती बाकीच्यांनी. न्हाणीघरांच्या मागून वरपासून खालपर्यंत जाणाऱ्या डक्टमध्ये कबुतरं होती. कबुतराला शांतिदूत म्हणणाऱ्याने ते माइकवर ऐकलेलं नाही. ते घुमत नाही, ते तुंबलेल्या संडासासारखं उकळतं. खिडकीखाली पिठासारखी कुजकट पांढरी विष्ठा साचलेली. आणि त्या कबुतरांवर ताण म्हणजे वरच्या मजल्यावरचे काका. त्यांना जीभ खरवडायचा शौक. सकाळचा विधी असतो, मान्य. पण हे गृहस्थ दात घासून, जीभ खरवडून, पोटातलं सगळं घशापर्यंत आणून परत पाठवायचे, 'ऑऽऽक्', आणि मग समाधान न झाल्यासारखं पुन्हा. डक्टमधून तो नाद असा उतरायचा की काका आपल्याच बेसिनवर उभे आहेत असं वाटावं.

पहिल्या सकाळी दादाने पहिलं वाक्य वाचलं. ॲपने दिलेलं वाक्य होतं, 'नदीच्या काठावर हिरवे गवत वाढले आहे.'

"गवत वाढले आहे" म्हणेपर्यंत वरून 'ऑऽऽक्' आलं. लाल.

"बघ," दादा म्हणाला, "त्यांनाही हे वाक्य पचलं नाही. अगं, घाटकोपरमध्ये मला हे कधी कोणाला सांगायचंय? 'रिक्षावाल्या, थांब' असं काही नाही का यात?"

"वाच रे गप."

"गप वाचू कसं?"

वहिनीने स्वयंपाकघरातून डोकावून माझ्या कानांकडे बोट दाखवलं. वहिनी मला लाडात असली की वन्सं म्हणते आणि रागात असली की बाई. "वन्सं, एवढे महागाचे हेडफोन आणलेत ना, गोंगाट मारणारे? मग लाल का येतंय? यातून आवाज गाळून जात नाही का, चहासारखा?"

हा गैरसमज मला इतक्या लोकांनी ऐकवलाय की आता मी त्यावर चिडत नाही, फक्त वृद्ध होते. हेडफोन गोंगाट मारतात तो माझ्या कानातला. माइकला त्याचं सोयरसुतक नसतं. उलट मी ते घालते ते माइक काय काय घाण गोळा करतोय हे नीट कळावं म्हणून.

"म्हणजे फक्त तुमचाच कान स्वच्छ?" वहिनी म्हणाली. "छान आहे. आम्ही बसतो या गटारात."

आणि माझा कान तरी कुठला स्वच्छ? ब्रेकर गेला, कबुतरं गेली, आणि त्या रिकाम्या जागेत दादाचं तोंड येऊन बसलं. आजारी घसा. त्यात काहीतरी सतत वर-खाली होत होतं, चिखलातून चप्पल ओढल्यासारखं. प्रत्येक वाक्याआधी तो खाकरायचा, काहीतरी वर आणायचा, त्याची चव घ्यायचा आणि परत गिळायचा.

"थुंक की रे!"

"कुठे थुंकू? तुझ्या माइकवर?"

पण खरी अडचण ही घाण नव्हती. खरी अडचण होती दादाचा आवाज. ब्रेकर सुरू झाला की दादाचा गळा आपोआप त्याच्यावर चढायचा. मैदानावरची सवय. आवाज फाटायचा, ॲप लाल व्हायचं, तो चिडून आणखी मोठ्याने वाचायचा, आणखी लाल. थोड्या वेळात घसा बसून नुसती हवा यायला लागायची. त्या दिवसाचं दुकान बंद. दोन दिवस गेले आणि हिरव्या वाक्यांचं पीक पाहिलं तर ऑपरेशननंतर दादा जगाशी नदीकाठचं गवत सोडून कशावरही बोलू शकला नसता.

तिसऱ्या दिवशी मी शेवटचा उपाय काढला. आमच्या धंद्यातला जुनाच. लोखंडी कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत दोन गाद्या उभ्या केल्या, वर घरातल्या सगळ्या गोधड्या आणि वहिनीच्या लग्नातला जाजम टाकला, आणि आत मी आणि दादा. बाहेरचा ब्रेकर आतमध्ये लांबच्या म्हशीसारखा हंबरत होता. चालण्यासारखं होतं.

वास मात्र चालण्यासारखा नव्हता. माळ्यावरच्या डांबरगोळ्या, कुबट कापूस, दादाने मानेला चोपडलेला बाम, आणि त्याच्या घशातून येणारा तो एक औषधी, कुजका, गोडसर वास. दोन प्रौढ भावंडं गुडघ्याला गुडघा लावून घामाने थबथबत बसलेली. माझ्या पापणीवरून घाम माइकवर टपकला आणि हेडफोनमध्ये तो धोंडा पडल्यासारखा वाजला.

"लहानपणी असंच लपायचो आपण," दादा म्हणाला.

"लहानपणी तू असा वास मारत नव्हतास. वाच."

त्याने वाचलं. ओरडला! अंधारात, गोधडीखाली, माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर, त्याने 'आज हवामान ढगाळ राहील' हे वाक्य असं ठणकावलं, जणू ढग बाद झालाय आणि त्याला मैदानाबाहेर काढायचंय. माझ्या चष्म्यावर तुषार उडाले. लाल.

"अरे, हळू बोल!"

"हळूच बोलतोय!"

"हे हळू? बाहेर वहिनीने विचारलंय कोण ढगाळ आहे म्हणून!"

"मग मला कळत नाही हळू कसं बोलतात! आयुष्यभर या आवाजात राहिलोय, बाई. तो ब्रेकर मला अजून ऐकू येतोय. तू तिकडे कानाला टोप्या घालून महाराणीसारखी बसलीस. मला दे ते."

"ते रेकॉर्ड करणाऱ्याने घालायचे असतात."

"दे म्हणतो ना!"

त्याने ते माझ्या डोक्यावरून ओढूनच घेतले, त्यात माझे केसही गेले, आणि स्वतःच्या कानांवर बसवले.

मग काही झालं नाही. म्हणजे दादाच्या चेहऱ्यावरचं सगळंच थांबलं. भुवया खाली आल्या. बसल्या बसल्या खांदे उतरले. तोंड किंचित उघडं राहिलं, आतली घाण मला आता ऐकू येत नव्हती, त्याला येत असावी. त्याने मोबाइलच्या उजेडात पुढचं वाक्य पाहिलं आणि वाचलं.

'माझी बहीण उद्या घरी येणार आहे.'

मला वाटलं, आमच्याबरोबर गोधडीखाली तिसरं कोणी आहे. मऊ, थोडा खरखरीत, सावकाश आवाज. शब्दाचं शेवटचं अक्षर नीट खाली ठेवणारा. कानात स्वतःचाच आवाज जवळून येत असल्यामुळे त्याला ढकलायची गरजच उरली नव्हती. पन्नास वर्षं या माणसाला ओळखत होते आणि त्याच्याकडे हा आवाज आहे हे मला माहीत नव्हतं. त्यालाही नव्हतं.

हिरवी खूण.

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्याच आवाजात म्हणाला, "बारके, हा मी आहे?"

"हो. आणि तुझ्या पोटाचं काय चाललंय तेही ऐक आता."

"शी," तो म्हणाला. "किती घाण वाजतं गं माणूस."

मला त्या क्षणी फार मोठा न्याय मिळाल्यासारखं वाटलं.

त्यानंतर गाडी सुसाट सुटली. हळू बोलल्यामुळे घसा बसेना. हिरवं, हिरवं, मधेच वरच्या काकांच्या कृपेने एखादं लाल, पुन्हा हिरवं. दादाला तर त्या आवाजाचा नादच लागला. वाक्य संपल्यावरही उगाच 'हं' म्हणून तो ऐकत बसायचा, नवीन शर्ट घालून आरशासमोर रेंगाळतात तसा. मी मात्र उघड्या कानांनी म्हशीचं हंबरणं सहन करत, घामात भिजत, डांबरगोळ्यांनी भेलकांडत समोर. ऑपरेशनच्या दोन दिवस आधी वाक्यं पुरी झाली. ॲपने थोडा वेळ घेतला आणि आवाज तयार झाल्याचं सांगितलं.

वहिनीला बोलावलं. दादाने मोठ्या ऐटीत टाइप केलं आणि फोन बोलला, "ऐकतेस का? मला थोडा चहा मिळेल?"

वहिनीने फोनकडे पाहिलं. मग दादाकडे. पदराला हात पुसले.

"हा कोण?"

"कोण म्हणजे? मीच!"

"हा तुम्ही नाही. हा कोणीतरी विमा विकायला आलेला माणूस आहे." तिच्या चेहऱ्यावर अशी शिसारी होती की जणू फोनमधून पाल निघाली. "मिळेल का म्हणे! इतक्या वर्षांत कधी विचारलंत, मिळेल का म्हणून? वन्सं... नाही, बाई, हे काय करून ठेवलंत तुम्ही?"

"अगं, त्याचाच आवाज आहे. फक्त हळू."

"हळू नकोय मला. हे उद्या गेले तिकडे, आणि घरी हा परका पुरुष येऊन माझ्याशी गोड बोलणार? अंगाला खाज सुटते ऐकून."

दादाचा चेहरा पडला. त्याला तो आवाज फार आवडला होता. तो ओरडला, म्हणजे जुन्या आवाजात, "मला आवडतोय! माझा गळा आहे! जाणार आहे तोही माझाच!"

"हा!" वहिनी म्हणाली. "हा माझा नवरा. हा भरा फोनमध्ये."

मी दोघांना सांगितलं की तो भरता येत नाही, ॲप त्याला लाल करतं. आणि आता सगळं पुन्हा करायला ना दिवस आहेत ना घसा. वहिनीने जाजम उचलला, खिडकीबाहेर धरून तो असा झटकला की कबुतरं उडाली आणि आम्हा तिघांना शिंका आल्या.

तो घसा कोणाचा, यावर तिचं दादाशी भांडण नव्हतंच. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी ती त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसली आणि म्हणाली, "अहो, आता बोला. काहीही. मोठ्याने." मी रेकॉर्डिंग सुरू करायला उठले तर तिने हाताने बसवलं. "त्या डब्यात नको. मी ऐकतेय ना." आणि दादाने, ज्याला ताण द्यायला सक्त मनाई होती, खुर्चीत बसून न झालेल्या एका सामन्याचं निवेदन केलं. वहिनी चढाईला गेली होती. समोरच्या संघात सगळे डॉक्टर होते. आवाज फाटत होता, मधेच नुसती हवा येत होती, तो खाकरून, काहीबाही गिळून पुन्हा सुरू करत होता, आणि मी हेडफोनशिवाय ते सगळं ऐकलं. तिने शेवटी सगळ्या डॉक्टरांना बाद केलं. लोण.

ऑपरेशन नीट झालं. दादा घरी आला तो गळ्याला भोक घेऊन. हे भोक म्हणजे किळसेचं आगर. श्वास तिथूनच, खोकलाही तिथूनच, आणि खोकल्याबरोबर जे येतं ते पुसायला समोर कापड धरायचं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मान फिरवली. फोनमधून तो मऊ आवाज म्हणाला, "बघ ना. आता मी गळ्याने शिंकतो. सर्कशीत घेतील." इतक्या सभ्य आवाजात इतकं घाणेरडं काही मी पूर्वी ऐकलं नव्हतं. हसले, आणि बेसिनवर जाऊन आले.

पण दोन-तीन दिवसांत खरा घोळ कळला. फोनमधला दादा शांततेत घडवलेला होता आणि घर होतं घाटकोपरात. शेजारी आता पाया खणत होते. दादा बाहेरच्या खोलीत टाइप करायचा, फोन पूर्ण मोठा केला तरी ते सावकाश, नीट ठेवलेले शब्द स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंतसुद्धा पोचायचे नाहीत. बिचारा फोन घेऊन वहिनीच्या मागे मागे फिरायचा. हाक मारता येत नाही म्हणून चमच्याने ताट वाजवायचा. आणि वहिनी, जिला आयुष्यात कधी 'काय म्हणालात?' विचारावं लागलं नव्हतं, ती दिवसभर तेच विचारत होती. एकदा ताट वाजवता वाजवता त्याने चमचा भिरकावला. कपाटाला पोचा आलाय. चेहरा असा झाला होता की मी पाय ओढून घेतले. सगळ्या उपनगरांना ओरडून भारून टाकणारा माणूस स्वतःच्या घरात ऐकू येत नव्हता.

वहिनीने चमचा उचलला, धुतला. मग माझ्या पिशवीत हात घातला, न विचारता, आणि हेडफोन काढले.

"वन्सं, हे फोनला बिनवायरचे लागतात ना?"

"लागतात, पण ते माझे..."

"लावून द्या."

मी जोडून दिले. तिने अंबाड्यावरून ते नीट बसवले, कानाच्या वाट्या दाबल्या, आणि तिच्याही चेहऱ्यावरचं सगळं थांबलं. पाया गेला, कबुतरं गेली, वरचे काका गेले. ती कढईकडे तोंड करून उभी राहिली. बाहेरच्या खोलीत दादाने टाइप केलं. काय, ते मला कळलं नाही. आवाज आता फक्त तिच्या कानात जात होता.

वहिनी बराच वेळ ढवळत होती. मान जरा तिरपी. मग वळली, आणि स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे, हयातीत कधी ओरडली नाही अशी, पाया खणणाऱ्या मशीनवर ताण करत ओरडली,

"आत्ताच तर दिला ना हो चहा!"

समोरच्या इमारतीत खिडकी उघडली.

दादाने टाइप केलं. ती ऐकत राहिली. मग, तितक्याच जोरात: "चावटपणा पुरे! तुमची बहीण बसलीय इथे!"

मी पिशवी उचलली. मुलुंडला माझं अर्धं पुस्तक वाचायचं पडलं होतं, आणि आता हेडफोन नव्हते. दादाने मला दारापर्यंत सोडलं, गळ्यावरचं कापड सारखं केलं, खोकला, पुसलं, आणि तेच हात माझ्या गालावर फिरवले.

शी.

मी गाल पुसला नाही, पण रिक्षा मिळेपर्यंत कोणाला त्याला हातही लावू दिला नसता. आणि आतून वहिनी पुन्हा ओरडली, त्याला, मला की कढईला, कोण जाणे.